जुन्या वस्तूंची, एकेकट्या मालकांची दुकानं: आत शिरल्यावर नेमकं बघायचं काय?

भटकभवानी

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे एका मोठ्या शहरात येऊन पडले आहे. राहते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एक जुनी वस्ती आहे. वर राहती घरं, खाली एकेका माणसाने चालवलेली दुकानं. पुस्तकं, तबकड्या, घड्याळं, कॅमेरे, जुने कोट नि फ्रॉक, चिनी मातीची भांडी. एका दुकानात तर नुसत्या दरवाज्यांच्या मुठी! सुट्टीच्या दिवशी पाय आपोआप तिकडे वळतात.

अडचण अशी की आत शिरलं की मला काही सुधरत नाही. मॉलमध्ये बरं असतं, आपल्याला कोणी विचारत नाही. इथे मालक समोरच बसलेला, चष्म्यावरून बघत. मग मी एखादी बशी उगाच उलटीपालटी करते, "बघतेय नुसतं" असं पुटपुटते आणि सटकते. वस्तू खरोखर जुनी आहे की परवा तयार करून धुळीत ठेवलीय, तेही कळत नाही.

जाणकारांनो, बघायचं काय, विचारायचं काय? आणि काही न घेता बाहेर पडलं तर वाईट दिसतं का? अनुभव, युक्त्या, टोमणे, सगळं चालेल.

उंटावरचा_शहाणा

युक्ती पहिली: कार्ड घरी ठेवून जा.
युक्ती दुसरी: "हे आता ठेवायचं कुठे?" असं विचारणारं माणूसही घरी ठेवून जा.

सोनचाफा

रुमाल टाकून ठेवते. माझीही अगदी हीच गत होते. मी तर बशी उलटी करून खालचा शिक्का असा वाचते की जणू सगळं कळतंय.

जुनीजरी

कपड्यांपुरतं सांगते, बाकीच्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

कपडा बाहेरून बघूच नका, आधी उलटा करा. चेन, शिलाई, अस्तर आणि लेबल. चेन धातूची आहे का बघा. साठच्या दशकापर्यंत बहुतेक चेनी धातूच्याच असत, नायलॉनची चेन त्यानंतर सगळीकडे झाली. फ्रॉकची चेन कुशीच्या शिलाईत असेल तर तो तीस-चाळीसच्या दशकातला असण्याची शक्यता बरीच वाढते. पाठीवर मधोमध उतरणारी लांब चेन साधारण पन्नासच्या दशकापासून रुळली. धुण्याच्या सूचनांचं लेबल अमेरिकेत १९७१च्या नियमाने सक्तीचं झालं आणि १९७२ पासून लागू झालं. तेव्हा "चाळीसच्या दशकातला अमेरिकन फ्रॉक" म्हणून टांगलेल्या कपड्याच्या आत इस्त्रीचं चित्र असलेलं लेबल निघालं, तर काही न बोलता हँगर परत अडकवा.

मापाच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. आज ज्या नंबरचा कपडा तुम्हाला सैल होतो, त्याच नंबरचा जुना कपडा खांद्यातून खालीसुद्धा उतरणार नाही. घरातला नीट बसणारा एखादा कपडा जमिनीवर पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, ते माप फोनमध्ये लिहून ठेवा आणि टेप पर्समध्ये टाका. जुन्या दुकानात कपडे बदलायची खोली म्हणजे कपाटामागचा पडदा असतो, तिथे धडपडण्यापेक्षा हे बरं.

लोकर उजेडासमोर धरा. कसरीची भोकं टाचणीच्या टोकाएवढी असतात, टेबलावर ठेवलेल्या कोटात ती दिसत नाहीत. रेशमाचं दुखणं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि पुढची काही दशकं रेशमाला वजन यावं म्हणून त्यात कथिलाचे क्षार मुरवत. त्या क्षारांनी धागा आतून खाल्ला जातो. असं कापड घडीवर, बगलेत, कंबरेला सरळ रेषेत चिरत जातं आणि ते शिवता येत नाही, कारण जिथे टाका घालाल तिथून नवी चीर सुटते. कितीही सुंदर असो, घालण्यासाठी घेऊ नका. भिंतीवर लावायचं असेल तर तुमची मर्जी.

सोनचाफा

@जुनीजरी, कसर लागलेली निघाली तर? सगळ्या कपाटाला लागेल ना?

जुनीजरी

लागेलच. म्हणून जुनी लोकर थेट कपाटात नेऊन टांगायची नाही. घट्ट बंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची, उणे १८ अंशांना दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, कापड आतच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरतं.

उंटावरचा_शहाणा

फ्रीझरमध्ये कोट. "हे आता ठेवायचं कुठे?" याचं उत्तर मिळालं.

धडपड्या

विरोधी सूर लावतो, हलकेच घ्या. विंटेज विंटेज म्हणून जे काही चाललंय ते म्हणजे लोकांच्या माळ्यावरची अडगळ पिवळ्या बल्बखाली मांडून दुप्पट भावाने विकणं आहे. हीच वस्तू भंगारवाल्याकडे वजनावर मिळते. ज्यातून आवाज येत नाही तो रेडिओ, ज्यातून फोटो निघत नाही तो कॅमेरा. "शोभेसाठी" म्हणे! दुकानदार गोड बोलून गोष्टी सांगतो आणि आपण त्या गोष्टीचे पैसे मोजतो.

टिकटिक

@धडपड्या, भंगारात वजनावर मिळते हे खरंच आहे. पण भंगाराच्या ढिगातून ती निवडायची कोणी? मला घड्याळातलं थोडंफार कळतं, इतर वस्तू दाखवल्या तर मीही ढिगापुढे हात टेकेन.

घड्याळांचं लिहितो. जुन्या मनगटी घड्याळात पहिली फसवणूक डायलची असते. खराब झालेलं डायल नव्याने रंगवून छापतात. भिंग लावून बघा: अक्षरांच्या कडा फुटलेल्या असतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, सेकंदाच्या छोट्या वर्तुळाचा मध्य काट्याच्या खिळ्यापासून जरासा सरकलेला असतो. रंगवलेलं डायल वाईटच असं नाही. पण ते मूळ आहे म्हणून विकू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अंधारात चमकण्यासाठी काट्यांना आणि आकड्यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साठच्या दशकापर्यंत रेडियमचा रंग लावत. आज ते घड्याळ अंधारात चमकत नाही म्हणजे रेडियम संपलं, असं पुष्कळ दुकानदारसुद्धा सांगतात. ते चूक आहे. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं, ते जसंच्या तसं आहे. ज्याच्यावर किरण आपटून उजेड पडायचा ते जस्ताचं सल्फाइड थकलंय. असं घड्याळ काचेआड बंद असताना पेटीत ठेवायला हरकत नाही, पण काच काढून काट्यांवरची तपकिरी खपली नखाने खरवडू नये. ती भुकटी श्वासातून किंवा तोंडातून पोटात जाणं हा खरा धोका. डायलच्या तळाशी देशाच्या नावाशेजारी बारीक 'टी' अक्षर असेल तर रंग ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजनचा. त्याचं अर्धायुष्य बारा वर्षांच्या आसपास, त्यामुळे जुनं असेल तर त्याचा जोर बराचसा ओसरलेला असतो.

भटकभवानी

बाप रे. म्हणजे मी परवा काचेवर नाक टेकवून बघत होते ते...

टिकटिक

काचेवर नाक टेकवून काही होत नाही. फक्त दुकानदाराला काच पुसावी लागते.

गल्ल्यावरून

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायलाच बसलो. माझं असंच एक दुकान आहे. कुठे ते सांगत नाही, उगाच जाहिरात व्हायची.

भटकभवानी, काही न घेता बाहेर पडलात तर आम्हाला काहीच वाटत नाही. दिवसभरात येणाऱ्यांपैकी बहुतेक तसेच जातात, त्याच हिशेबाने आम्ही बसलेलो असतो. चष्म्यावरून बघतो ते तुमच्याकडे नाही, तुमच्या पाठीवरच्या सॅककडे. माझ्याकडची जेवढी काच आजवर फुटली त्यातली बहुतेक मागे वळणाऱ्या सॅकनेच फोडली. ती पुढे घ्या, आत येताना नमस्कार म्हणा, काचेचं किंवा यंत्राचं काही उचलायच्या आधी "हात लावू का?" विचारा. एवढ्यावर मी तुम्हाला मागची खोलीसुद्धा दाखवेन.

मागची खोली का, तर चांगला माल तिथे असतो. लपवून ठेवलेला नसतो, अजून पुसायचा, तपासायचा राहिलेला असतो. म्हणून "या आठवड्यात नवीन काय आलंय?" हा सगळ्यात कामाचा प्रश्न. दुसरा, "हे कुठून आलं?" एखाद्या शिक्षिकेचं घर रिकामं झालं आणि तिथून आलं, की पेटीतून आलं, की दुसऱ्या दुकानदाराकडून आलं, हे जो सांगतो त्याच्याकडून घ्यावं. जो "फार जुनं आहे हो" एवढंच म्हणतो त्याच्या दुकानात हिंडावं, घ्यावं जपून.

राग कशाचा येतो तेही सांगतो. वस्तू हातात धरून, माझ्यासमोर फोनवर तिचा भाव शोधत उभं राहण्याचा. नेटवर दिसते ती कोणीतरी मागितलेली किंमत. कोणी ती दिली का, हे तिथे लिहिलेलं नसतं. शोधायचंच तर विकल्या गेलेल्या वस्तूंच्या यादीत शोधा आणि बाहेर जाऊन शोधा.

धडपड्यासाहेब, दुप्पट भावाबद्दल. कधीकधी दुप्पटच्याही वर असतो, नाकारत नाही. एक टाईपरायटर घेतला समजा. अक्षरांचे दांडे चिकटलेले, रिबन वाळलेली, रुळाचं रबर दगड झालेलं. तो उघडायचा, एकेक दांडा स्पिरिटने धुवायचा, रूळ नवीन रबर चढवायला पाठवायचा. मग तो खिडकीत बसतो. कधी आठवडा, कधी दोन वर्षं, आणि तेवढ्या जागेचं भाडं मी दर महिन्याला देतो. भंगारवाल्याकडे वस्तू एक दिवस थांबते, माझ्याकडे गिऱ्हाईक येईपर्यंत. चालत नसलेली वस्तू "शोभेसाठी" म्हणून मीही विकतो, पण तशी चिठ्ठी लावतो. चिठ्ठी नसेल तर विचारा. चालतं म्हणाला तर चालवून दाखवायला सांगा.

काथ्याकूट

+१. असे दुकानदार असतील तर धागा इथेच बंद करू.

धडपड्या

गल्ल्यावरून, चिठ्ठी लावता म्हणून तुमच्यापुरतं मागे घेतो. बाकीच्यांपुरतं नाही. मला एकदा "चालू" म्हणून विकलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा, ट्रान्झिस्टरच्या आधीचा) रेडिओ घरी आणून लावल्यावर धूर निघाला होता. परत घ्यायला साफ नकार.

निशाचर

@धडपड्या, त्यात दुकानदाराची लबाडी होतीच, पण यंत्राचं कारणही ऐका. अनेक वर्षं बंद पडलेला व्हॉल्व्ह रेडिओ थेट प्लगला लावायचाच नसतो, चालू आहे असं कोणी शपथेवर सांगितलं तरी. आतले मेणकागदाचे आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वाळून, गळून गेलेले असतात, पूर्ण व्होल्टेज एकदम आलं की तेच फुटतात आणि जाताना ट्रान्सफॉर्मरही नेतात. आधी जाणत्या माणसाकडून कपॅसिटर तपासून, बदलून घ्यायचे. रेडिओ बंद केल्यावरही त्यात विजेचा साठा राहतो, त्यामुळे हौसेने पेचकस घालू नये.

दुकानात शिरताना मी खिशात तीन गोष्टी ठेवतो: दहापट भिंग, बोटाच्या पेराएवढं लोहचुंबक आणि छोटा यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च. चुंबक पितळेला चिकटत नाही. "भरीव पितळ" म्हणून दाखवलेल्या समईला किंवा कुलपाला चिकटलं, तर आत लोखंड आहे. टॉर्चचे उपयोग तर विचारू नका. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चकाकी आणणारी द्रव्यं घालायला पन्नासच्या दशकाच्या सुमारास सुरुवात झाली. असा कागद टॉर्चखाली झगझगीत निळा दिसतो. १९२०चं म्हणून विकायला ठेवलेलं पोस्टर निळं पेटलं की पुढे बोलायचं कारण उरत नाही. चिनी मातीचं भांडं जोडलेलं असेल तर गोंदाची आणि वरच्या रंगाची रेघ वेगळी उठून दिसते. आणि युरेनियमची काच असेल तर हिरवीगार पेटते, ते बघायला पैसे पडत नाहीत.

उंटावरचा_शहाणा

रेडियम, युरेनियम, शिसं... मला वाटलं होतं जुन्या वस्तूंचं दुकान आहे, ही तर अणुभट्टी निघाली.

वाळवी

शिसं अजून कोणी काढलं नव्हतं, पण विषाचा विषय निघालाच आहे तर पुस्तकांचं सांगते. एकोणिसाव्या शतकातल्या काही कापडी बांधणीच्या पुस्तकांवरचा तो गर्द पाचूसारखा हिरवा रंग आर्सेनिकचा असतो. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयात २०१९ मध्ये अशा पुस्तकांचा शोध घ्यायला सुरुवात झाली आणि जगभरच्या ग्रंथालयांनी आपापली कपाटं तपासायला घेतली. असं पुस्तक हाती लागलं तर थुंकी लावून पान उलटू नका (खरं तर कुठलंच उलटू नका!) आणि नंतर हात धुवा.

वय ओळखायला कव्हरपेक्षा माहितीचं पान उपयोगी. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक असेल तर प्रत साधारण १९७० नंतरची, तेरा आकडी असेल तर २००७ च्या आसपासची किंवा पुढची. काही इंग्रजी पुस्तकांत तळाशी आकड्यांची एक ओळ असते, तिच्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. "पहिली आवृत्ती" असं वर छापलेलं असूनही खालच्या ओळीत सर्वात लहान आकडा सात असतो आणि तेच पुस्तक पहिल्या छपाईच्या भावाने काचेत बसलेलं असतं.

टोक्योत जिम्बोचो नावाचा जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे. तिथली बरीच दुकानं रस्त्याच्या दक्षिण बाजूला, उत्तरेकडे तोंड करून आहेत. उन्हाने पुस्तकांचे कणे विटू नयेत म्हणून. हे कळल्यापासून मी कुठल्याही शहरात आधी दुकानाचं तोंड कुठे आहे ते बघते. बाहेर कडक उन्हात मांडलेलं टेबल असेल तर त्यावरची पुस्तकं वाचण्यासाठी घ्यायची, जपण्यासाठी नाही.

काथ्याकूट

जिम्बोचोवरून आठवलं. एकाच मालाची दुकानं एकमेकांना खेटून का, स्पर्धा नको व्हायला? हॅरल्ड होटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ मध्ये दोन विक्रेते एकमेकांजवळच का सरकतात याचं गणित मांडलं होतं. जुन्या वस्तूंच्या बाबतीत मला त्याहून साधं कारण दिसतं. एका दुकानात हवं ते मिळेल याची खात्री नसते, वीस दुकानांच्या गल्लीत काहीतरी मिळेल याची असते. शिवाय दुकानदार एकमेकांचेच मोठे गिऱ्हाईक.

पण आता खरा मुद्दा. आपण ज्याला "हिंडायला मस्त भाग" म्हणतो तो मस्त होतो कसा? भाडं कमी असतं म्हणून तिथे एकेकटी दुकानं टिकतात. मग आपल्यासारखे लोक फोटो काढायला येतात, एक कॉफीचं दुकान उघडतं, मग दुसरं, भाडं चढतं आणि आधी जातो तो बूट दुरुस्त करणारा, मग घड्याळवाला, मग छत्र्या शिवणारा. शेवटी मोठ्या ब्रँडचं शोरूम येतं, त्याच जुन्या विटा तशाच ठेवून. आपल्या हिंडण्याने आपण त्या दुकानांना मदत करतो की त्यांच्या मुळावर येतो?

सोनचाफा

झालं, धाग्याने वळण घेतलं. चहा करून येते.

जुनीजरी

@काथ्याकूट, फोटो काढून निघून जाणाऱ्यांचं तुम्ही म्हणता ते पटतं. पण मी त्याच गल्लीत अस्तर बदलून घेते, बटणं घेते, रफू करून घेते. जुना कोट विकणारा आणि रफू करणारा एकमेकांवर जगतात.

गल्ल्यावरून

काथ्याकूटजी, मुळावर तुम्ही येत नाही, भाडेकरार येतो. आमच्या गल्लीत जे टिकले त्यातले बहुतेक जागेचे मालक आहेत किंवा त्यांचा करार लांबचा आहे. गेले ते गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नाही गेले. दुकानात गर्दी असताना कराराचं नूतनीकरण आलं, मालकाने आकडा सांगितला आणि शटर पडलं. त्यातला एक चांगला घड्याळवाला होता. जाताना सुटे भाग डब्यांत भरून मला देऊन गेला, ते डबे अजून लेबल लावायचे राहिलेत.

रफूबद्दल जुनीजरींशी सहमत. दुरुस्ती करून घेणारं गिऱ्हाईक परत परत येतं. खिडकी बघायला येणारं एकदाच.

टिकटिक

अवांतर: त्या डब्यांचे फोटो इथे टाकता का? सहज विचारतोय. हात थरथरत नाहीयेत.

रंधा

लाकूड राहिलंच की मंडळी.

टेबलाचं किंवा कपाटाचं वय बघायचं तर खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. कोपऱ्यातल्या सांध्याची दातं हाताने कापलेली असतील तर ती एकसारखी नसतात, एखादं रुंद, एखादं निमुळतं, शेजारी आखणीची रेघ राहिलेली. मशीनची दातं मोजून बसवल्यासारखी. फुलीच्या खाचेचा स्क्रू तीसच्या दशकात बाजारात आला. एकोणिसाव्या शतकातल्या म्हणून दाखवलेल्या पेटीच्या बिजागरीत तो दिसला तर निदान बिजागरी तरी नंतरची आहे. दुरुस्ती झालेली असू शकते, म्हणून एका स्क्रूवरून फाशी देऊ नका, बाकीची भोकं बघा.

माझी आवडती खूण गोल टेबलाची. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे खरोखर जुनं, भरीव फळ्यांचं गोल टेबल आता पूर्ण गोल उरलेलं नसतं. टेप घ्या, रेषांच्या दिशेने एकदा आणि आडवं एकदा मोजा. आडवं माप थोडं कमी भरलं तर लाकडाने वर्षं काढलीयत.

झीज नकलीही करतात. साखळीने ठोकतात, ड्रिलने किड्यांची भोकं पाडतात, कडा घासतात. तेव्हा झीज कुठे आहे ते बघा. खुर्चीचा हात जिथे तळवा टेकतो तिथे गुळगुळीत हवा, खणाची खालची पट्टी जिथे घासते तिथे खोल हवी, पायाचा आतला कोपरा मात्र जवळजवळ कोरा. चारही बाजूंना सारखं झिजलेलं फर्निचर एका दुपारी झिजलेलं असतं. आणि किड्याची भोकं खरी असतील तर खाली ताजी पिवळसर भुकटी आहे का बघा. असेल तर भाडेकरू अजून घरात आहेत.

उंटावरचा_शहाणा

भाडेकरू अजून घरात आहेत. हसून हसून पुरेवाट. काथ्याकूटच्या मुद्द्याला परस्पर उत्तर.

तबकडी

माझं नावच असं असताना मी इतका वेळ गप्प कसा, असं सोनचाफाताईंनी खरडवहीत विचारलं, म्हणून लिहितो.

तबकडी घेताना कव्हरवर भाळायचं नाही. बाहेर काढा, कडेने धरा, दिव्याखाली तिरकी करा. नुसत्या बारीक जाळीसारख्या रेघा चालतात, नखाला अडकणारा ओरखडा चालत नाही. मग डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकलीय का बघा. शेवटच्या खाचेपासून मधल्या कागदापर्यंतच्या मोकळ्या पट्ट्यात खरवडलेला क्रमांक असतो, कुठल्या साच्यातली प्रत आहे हे त्यावरून कळतं. कव्हरं अदलाबदल झालेली असतात, तो क्रमांक बदलत नाही.

कोलंबिया कंपनीने लाँग प्ले (एलपी) तबकडी १९४८ मध्ये आणली, आरसीए व्हिक्टरने मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी १९४९ मध्ये. त्याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या जड तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्या पडल्या की काचेसारख्या फुटतात. आणि त्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. नंतरच्या विनाइलच्या तबकड्यांवर चालणारा द्राव लाखेवर लावून लोक आख्खं गाणं पुसून टाकतात.

सोनचाफा

गाणं पुसून टाकतात! ऐकूनच पोटात गोळा आला. बादवे, ७८च्या तबकड्या आमच्या साध्या प्लेअरवर वाजतील का?

तबकडी

प्लेअरला ७८चा वेग हवा आणि सुई वेगळी हवी. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते. एलपीची सुई तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, ती खाचेच्या तळाशी लोळत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते.

वाळवी

एक गंभीर सूचना, कोणी अजून लिहिलं नाही म्हणून. हस्तिदंताच्या मुठी, पेटीवरची पांढरी नक्षी, कासवाच्या पाठीचे कंगवे असं काही दिसलं तर मोहात पडू नका. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरची बंदी १९८९ मध्ये ठरली आणि १९९० पासून लागू झाली. देशोदेशींचे कायदे त्याहून कडक असू शकतात. "जुनं आहे, चालतं" हे विकणारा सांगतो, विमानतळावर उभे तुम्ही असता.

धडपड्या

इतकं सगळं वाचून मूळ प्रश्नाला माझं उत्तर: चालू शकणारी, वापरात येणारी वस्तू घ्या. पेन असेल तर लिहून बघा, कात्री असेल तर कापून बघा. शोभेसाठी म्हणून काही घेऊ नका. बाकी विरोध कायम आहे, फक्त थोडा मऊ झालाय.

भटकभवानी

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलंच नव्हतं, वाचनखूण साठवली आहे.

आज जाऊन आले. सॅक पुढे घेतली, नमस्कार म्हटलं, "या आठवड्यात नवीन काय आलंय?" विचारलं. कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या काकांनी खुर्ची दिली आणि पाऊण तास बोलत बसले. "सगळे विचारतात चालतो का, तू विचारलंस कुठून आला," म्हणाले. धडपड्या, तुम्ही म्हणता तसं चालवूनही बघितलं. एक जुना फिल्म कॅमेरा मनात भरलाय, पण घेतला नाही, उद्यापर्यंत बाजूला ठेवून घ्या म्हटलं. शटरचा आवाज छान आहे. लेन्सच्या आत मात्र कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी बारीक दिसतंय. काका म्हणाले पुसलं की जाईल. जाईल का?

निशाचर

ती बुरशी आहे. बाहेरून पुसून जात नाही, भिंगांच्या मध्ये वाढते. लेन्स उघडून साफ करता येते, पण बराच काळ राहिली असेल तर ती काचेवरचा लेप खाते आणि तो डाग कायमचा. उद्या जाल तेव्हा मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कडेला दोन-चार धागे असतील तर फोटोत फरक पडत नाही. मधोमध धुकं असेल तर लेन्सचा भाव वजा करून मागा, बॉडी चांगली असेल तर दुसरी लेन्स मिळते.

शटरचा एक सेकंदाचा वेग लावून बघा, घरंगळत अडकतो का ते कानाने कळतं. मागचं दार उघडून कडेच्या काळ्या फोमला बोट लावा. चिकट होऊन बोटाला आला तर बदलावा लागेल, ते घरी जमतं. आणि घेतलात तर दुसऱ्या लेन्सशेजारी ठेवू नका, कोरड्या जागी वेगळा ठेवा.

भटकभवानी

एक सेकंद म्हणजे डायलवरचा १ ना? आणि बॅटरीच्या झाकणाखाली हिरवट काहीतरी साचलंय, त्याचं काय?

निशाचर

हो, १. हिरवट म्हणजे बॅटरी गळली होती. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसतात, पण ते घेतल्यानंतर करा, दुकानात नको. जुन्या कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता बनत नाही. मॉडेल कुठलं ते सांगा, त्यात काय चालेल ते बघून लिहितो.